घरची बातमी

आमच्या शाळेत डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात जास्त गर्दी कुठं असेल तर ती पहिलीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीला. ती भिंत पूर्वेला तोंड करून आहे, सकाळचं पहिलं ऊन तिच्यावर पडतं, आणि पोरं दप्तर पायाशी टाकून, पाठ टेकवून ओळीनं उभी राहतात, हात बगलेत, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड मात्र सुरू. मैदान म्हणावं असं मैदान आमच्याकडं नाही. महापालिकेची शाळा, सोलापूरच्या पूर्व भागात, एका अंगाला यंत्रमागाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला विडी कामगारांची घरं, मधे आमचं अंगण. बावीस वर्षं शिकवतेय मी, त्यातली चौदा इथं. नवीन शिक्षक बदलून आले की मी त्यांना वर्ग, ऑफिस, धान्याची खोली सगळं दाखवते, पण आधी या भिंतीपाशी नेऊन उभं करते.

बाहेरगावच्या लोकांना सोलापूर म्हटलं की उन्हाळाच आठवतो आणि खरंय ते, एप्रिल-मेमधे पारा ४३-४४ ला जातो तेव्हा पत्र्याखाली बसवत नाही. त्यामुळं थंडी आली की आम्हाला तिचं फार अप्रूप, पण अंगाला सवय नाही, पारा तेराला उतरला तरी पोरं कुडकुडतात. स्वेटर असतात, नाही असं नाही, पण ते मोठ्या भावाचे, कोपरात विरलेले नाहीतर चेन तुटलेले. एका वर्षी एका मुलीचे वडील सायकलला गठ्ठा बांधून शाळेत आले. चादरीच्या कारखान्यात मागावर होते ते. विणताना दोष राहिलेल्या चादरींचे तुकडे, मालकाला विचारून आणलेले, कडा बायकोनं घरच्या मशीनवर मारलेल्या. म्हणाले, "बाई, फरशी लई गार पडती, पोरांच्या खाली घाला." आणि लगेच गेले, पाळी सुरू व्हायची होती. पहिली-दुसरीची मुलं त्या थंडीत चादरीच्या फुलांवर बसून बाराखडी शिकली. त्या हिवाळ्यातली आमच्या शाळेची सगळ्यात मोठी बातमी ही, आणि ती परिपाठात कुणी वाचली नाही की फळ्यावर कुणी लिहिली नाही. मला ते बरेच दिवस खात होतं.

परिपाठात बातम्या असतात हे सगळ्यांना माहीत असेलच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, आणि मधे कुठंतरी 'आजच्या ठळक बातम्या'. चौथीतलं एखादं पोर पेपर उलगडून उभं राहतं आणि एका दमात वाचतं, शेअर बाजार कोसळला, अमुक मंत्र्यांचा दौरा, तमुक ठिकाणी पोटनिवडणूक. एकदा मी एका मुलाला विचारलं, अरे शेअर बाजार म्हणजे काय, कुठं भरतो तो? तो म्हणाला, माहीत नाही बाई, मंगळवारच्या बाजारासारखा असंल. रागवायचं काहीच कारण नव्हतं. शंभर-सव्वाशे मुलं गार फरशीवर उभी राहून ज्याचा त्यांना पत्ता नाही ते ऐकत होती, आणि तीच मुलं पाच मिनिटांपूर्वी भिंतीपाशी एकमेकांना अशा बातम्या सांगत होती की मीच कान देऊन उभी राहिले होते.

मग आम्ही बदल केला. पेपरातली एकच बातमी, ती पण जिचा अर्थ वाचणाऱ्याला सांगता येईल अशी, आणि दोन बातम्या घरच्या. फाटकाजवळ एक जुना लाकडी फळा होता, 'सूचना' असं लिहून ठेवलेला आणि वर्षभर कोरा असायचा, त्याला नवीन काळा रंग दिला आणि वर लिहिलं 'घरची बातमी'.

पहिल्या आठवड्यात निम्म्या बातम्या एकच होत्या. पाणी आलं. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कुठल्या बोळात कुठल्या वारी किती वाजता हे पोरांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. मी इतकी वर्षं हजेरी घेत होते, उशिरा येणाऱ्याला दारात उभं करत होते, आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की दर पाचव्या दिवशी तीच सात-आठ पोरं उशिरा येतात कारण घरातल्या घागरी, ड्रम, हंडे भरायला तीच हाताशी असतात. आता फळ्यावर आदल्या दिवशीच येतं, 'उद्या मारुतीच्या बोळात पाणी.' चाचणी असली तर मी ती पुढं ढकलते. एवढं साधं होतं ते, आणि कळायला एवढी वर्षं लागली.

हळूहळू बातम्या पसरत गेल्या. 'अम्माच्या हजार विड्यांतल्या शंभर छाट झाल्या.' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते, ब्रँचला, म्हणजे विडी कंपनीच्या केंद्रावर, नेऊन देते, आणि तिथं ज्या विड्या नापास होतात त्या छाट. तिचे पैसे नाहीत. आमच्याकडं वजाबाकी शिकवायला गोळ्या-चॉकलेटची उदाहरणं द्यायची गरज पडत नाही, हजारातून शंभर गेले की आईच्या हातात काय राहिलं हे दुसरीतल्या पोरीला तोंडपाठ आहे. तिनं ते सांगितलं तेव्हा आणखी तिघींनी हात वर केले, आमच्या अम्माचे साठ, आमच्या आज्जीचे दीडशे. मी गप्प बसून ऐकत राहिले.

एकदा पहिलीत नव्यानं आलेली मुलगी, घरी सगळं तेलुगू, मराठीचा एक शब्द नाही, पुढं आली आणि म्हणाली, "मा अव्वा ऊरिकि पोयिंदि." तिच्या मागच्या मुलानं लगेच मराठी करून सांगितलं की तिची आज्जी गावाला गेली. तिसऱ्यानं विचारलं, कधी येणार, ते ह्यानं तेलुगूत विचारलं, तिनं बोटं दाखवली. आमच्या शहरात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, कागदावर आमची मराठी, पण भिंतीला टेकून उभी असलेली पोरं या चारही भाषा एकमेकांच्या खिशातून काढून वापरतात. सरकारी प्रशिक्षणात बहुभाषिक वर्ग या विषयावर दिवसभर बसवतात आम्हाला, त्या दिवशी मला वाटलं सगळ्यांना इथंच आणावं.

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसेला, शेतातल्या पूजेच्या सणाला, वर्ग अर्धा रिकामा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं ज्यांची शेती नाहीतर नुसते पाहुणे आहेत ती सगळी पोरं गावाला. दुसऱ्या दिवशी मग काय विचारता, कडब्याची कोप कशी केली, चुना लावलेले पाच पांडव कसे मांडले, आंबील किती प्यायलो, भज्जी किती खाल्ली. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या आजोबांनी त्याच्याबरोबर पिशवीभर हुरडा पाठवला, मालदांडी ज्वारीचा, आणि शेंगाची चटणी. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तो पुन्हा जरासा गरम केला आणि प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दिला. काही पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा हुरडा खाल्ला, ज्वारीच्या जिल्ह्यात राहून. ती बातमी फळ्यावर तीन दिवस राहिली, पुसायला कुणी तयार होईना.

आता एक चूक सांगायची आहे, माझी.

तिसरीतल्या एका मुलीनं सकाळी भिंतीपाशी सांगितलं की पप्पा चार दिवस झाले घरी आले नाहीत. पाणी आलं म्हणावं तितक्या साधेपणानं सांगितलं. मला तेव्हा या फळ्याचा एवढा उत्साह होता की मी नाव न घालता का होईना, पण लिहिलं, 'आमच्या एका मैत्रिणीचे पप्पा बाहेरगावी आहेत, ते लवकर येवोत.' माझ्या मनात प्रार्थनाच होती ती. पण फळा फाटकाजवळ आहे, येणारा-जाणारा वाचतो, आणि वस्तीत कोण बाहेरगावी गेलंय आणि कोण घर सोडून गेलंय हे सगळ्यांना माहीत असतं. दुपारी आई आली. हातात ब्रँचची पिशवी तशीच. आवाज चढवला नाही तिनं. एवढंच म्हणाली, "बाई, आमचं घर फळ्यावर लावलं का ओ तुम्ही?"

मी तिच्यासमोर फळा पुसला. माफी मागितली. ती गेली, पण पुढं महिनाभर तिची मुलगी भिंतीपाशी आली नाही, वर्गात येऊन बसायची सरळ. माझ्या नोकरीतल्या ज्या दोन-तीन गोष्टींनी रात्री झोप लागली नाही त्यातली ही एक. मूल सांगतं तेव्हा ते मला सांगत असतं, अख्ख्या वस्तीला नाही, हा फरक मला कळायला हवा होता, मी मोठी होते. तेव्हापासून नियम केला आणि तो पोरांनाच पाळायला लावला. बातमी ऐकायची, आणि मग सांगणाऱ्याला विचारायचं, "लिहू का?" तो हो म्हणाला तरच खडू उचलायचा. नको म्हणाला तर ती बातमी भिंतीपाशीच राहणार. गंमत म्हणजे हा नियम पोरांना माझ्यापेक्षा लवकर जमला. आता मधल्या सुट्टीत पण ऐकू येतं, ए, सांगतो पण लिहायचं नाही हं.

जानेवारी आला की मात्र विचारायला कुणाला वेळ नसतो. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, प्रत्येक वर्गात चार-पाच सावित्रीबाई, आईची नऊवारी खांद्यावरून घसरतेय आणि कपाळावर ही मोठी आडवी चिरी. मग १२ जानेवारी. महाराष्ट्रात सगळीकडं या दिवशी जिजाऊ आणि विवेकानंद असतात, आमच्या सोलापुरात आणखी चौघे असतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पोरांना चार पुतळे माहीत असतात, तिथून रिक्षा मिळते म्हणून. मी दरवर्षी चौघांचं सांगते पण कुर्बान हुसेनांपाशी जरा जास्त थांबते, कारण ते जेमतेम विशीतले, गिरणी कामगारांत काम करणारे, आणि 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र काढायचे. गेल्या वर्षी एका पोरीनं विचारलं, बाई, म्हणजे ते पण फळा लिहायचे? मी म्हटलं हो गं, लय मोठा फळा. ती म्हणाली, मग त्यांना विचारायला लागत नव्हतं का लिहू का म्हणून? मी तिला खरं सांगितलं की ते ज्यांच्याविरुद्ध लिहायचे त्यांना विचारून लिहिता येत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांशी एवढं बोलता येतं, आपण बोलत नाही.

आणि त्याच आठवड्यात गड्डा. संक्रांतीच्या अलीकडं-पलीकडं सिद्धेश्वरांची यात्रा, यण्णीमज्जन म्हणजे तेलाचा अभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, आणि त्या 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' ला हजारो हातांतून उडालेल्या अक्षता. शाळेत त्या दिवसांत शिकवणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. कोपऱ्यात ठेवलेला जाळी काढायचा बांबू पोरांनी उचललेला असतो, त्याला झेंडूचा हार नाहीतर कुणाची तरी ओढणी, एक पोर तोल सांभाळतंय, मागं अठरा पोरं, आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर अंगणभर. मानकरी कोण यावरून दरवर्षी भांडण. मागच्या वेळी भांडण सुटेना तेव्हा उचलणारे रोज बदलायचे असं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी बांबू खांद्यावर होता तो मोमीन गल्लीतल्या पोराच्या, बाराबंदी म्हणून मामाचा पांढरा शर्ट गुडघ्यापर्यंत. कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं काही वाटलंच नाही त्यांना. मी मात्र खिडकीत बराच वेळ उभी होते. फळ्यावर त्या आठवड्यात एकच प्रकारची बातमी, गड्ड्यात कुणी काय खाल्लं आणि आकाशपाळण्यात कोण रडलं.

पण सगळ्यात मोठी बातमी म्हणाल तर २०२४ च्या जानेवारीतली. "बाई, आम्हाला घर मिळालं." कुंभारीला विडी कामगारांसाठी आधीची गोदूताई परुळेकर वसाहत होतीच दहा हजार घरांची, त्यानंतर रे नगर, एकूण तीस हजार घरं, विडीवाल्या, मागावरचे, बांधकामावरचे, भंगार गोळा करणारे, अशा असंघटित कामगारांची. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी किती वर्षं त्यासाठी मोर्चे काढले ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, आमच्या पोरांच्या आज्ज्या त्या मोर्च्यांत चालल्यात. १९ जानेवारीला पंतप्रधान आले, पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला. त्या दिवसानंतर फळ्यावर जागा पुरेना. 'आमच्या घरात संडास आत आहे.' 'आमच्या घराला दोन खिडक्या.' एकानं नुसतं लिहिलं, 'दार आमचं.' पत्र्याच्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत जन्मलेल्या पोरानं लिहिलेलं आहे ते.

आणि त्याच फळ्यासमोर आम्ही शिक्षक उभे राहून मनात बोटं मोजत होतो. कुंभारी अक्कलकोट रोडला, शहराच्या बाहेर. जो तिकडं राहायला जाणार तो दाखला नेणार. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक शिक्षक अतिरिक्त, तुकडी जाते, शाळाच दुसऱ्या शाळेत मिळवली जाते. पोरांच्या आनंदाची बातमी आणि आमच्या काळजीची बातमी एकच होती. मला त्या वेळी स्वतःचा थोडा राग पण आला, एका बाईला पन्नाशीत हक्काचं दार मिळतंय आणि मी हजेरीपट बघतेय. पण काळजी होती, खोटं कशाला सांगू. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून मी इतके दाखले लिहिले की शिक्का मारताना हात जड व्हायचा. प्रत्येक मुलाला जाताना फळ्यावर शेवटची बातमी स्वतःच्या हातानं लिहायला दिली. काही अजून गड्ड्याला आले की वाट वाकडी करून शाळेच्या फाटकातून डोकावतात.

२०२४ च्याच फेब्रुवारीत शासनाचा निर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. निर्णय चांगला आहे, मी पूर्ण बाजूनं आहे त्याच्या. आधी आमची शाळा सात दहाला भरायची, जानेवारीत सूर्यच सातला उगवतो इथं, ऊन भिंतीवर यायला साडेसात, तोवर पोरं अंधुकात दातावर दात आपटत प्रतिज्ञा म्हणायची. पण आया म्हणाल्या, बाई, आम्ही आठला गारमेंटला जातो, पोर कुणाकडं ठेवू? तेव्हा आमच्या शिपाई मावशी आपणहून आठलाच फाटक उघडायला लागल्या. कुणी आदेश दिला नाही त्यांना. त्यामुळं आता भिंतीपाशी पूर्ण एक तास मिळतो, बातम्या तिप्पट झाल्यात, आणि निम्म्या मावशींनाच आधी कळतात.

या थंडीत दुसरीतला एक मुलगा बरेच दिवस काहीच सांगत नव्हता. बोलका पोरगा, गेल्या वर्षी त्याच्या बातम्या थांबवाव्या लागायच्या. भिंतीला टेकायचा, ऐकायचा, गप्प. मी विचारलं नाही, शिकले होते तेवढं. डिसेंबरच्या शेवटी एक दिवस सगळे वर्गात गेले तरी हा तिथंच, बुटाच्या टोकानं माती उकरत. म्हणाला, "बाई, आमचा माग विकला." घरातलाच माग, आजोबांपासूनचा, चालू असला की त्याच्या खटखटीत पोरगं झोपायचं. भंगारवाला किलोवर घेऊन गेला. मी विचारलं, लिहू का? तो म्हणाला, नको. मी म्हटलं बरं. मग म्हणाला, आता रात्री झोप येत नाही बाई, आवाज नाही ना. मला काय बोलावं सुचेना, मी त्याला नुसतं जवळ घेतलं आणि आम्ही दोघं थोडा वेळ उन्हात उभे राहिलो. वडील संक्रांतीनंतर पुण्याला गेले, कुठल्याशा हॉटेलात कामाला.

फेब्रुवारी लागला आणि भिंत तापायला लागली. नऊ वाजताच पोरं सरकत सरकत लिंबाच्या सावलीत जायला लागली. परवा तो पोरगा धावतच आला, दप्तर पण काढलं नाही, सरळ फळ्यापाशी, आणि खडू माझ्या हातात दिला.

"बाई, लिहा. पप्पा रविवारी येणार."

मी लिहायला लागले. त्यानं बाही ओढली.

"एवढंच लिहा हं. सोमवारी परत जाणार ते नका लिहू."